ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर

दोन दाढ्या आणि एक मोडका राजदंड बाजूला केला, तर खाली ती होती. पार चपटी झालेली.

आमची हौशी नाट्यसंस्था बंद पडूनही बरीच वर्षं झाली. सामानाची पत्र्याची ट्रंक मात्र कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावर मुक्काम हलवत राहिली. शेवटी ज्याच्याकडे ती होती त्याने घर बदलायला काढलं आणि आम्हा उरलेल्यांना निरोप धाडला, ज्याला जे हवं ते न्या, नाहीतर भंगारात जाईल. तलवारी पोरंबाळं असलेल्यांनी नेल्या. मिशांना कुणी वाली नव्हता. मी हॅट मागून घेतली.

मी कपडेपट सांभाळायचे, त्यामुळे ही हॅट माझ्या हाताखालून शंभर वेळा गेलेली. तपकिरी फेल्टची, म्हणजे दाबून गुंतवलेल्या लोकरीची, मध्ये खळी आणि पुढे दोन्ही बाजूंनी चिमटा काढलेली. तिने काय काय केलं नाही? इन्स्पेक्टर झाली, खुनी झाली, परदेशातून परतलेला काका झाली, जादूगार झाली आणि एका नाटकात तर नुसतीच खुंटीवर लटकून पुरावा झाली. प्रेक्षकांना टोपी घालायचं काम तिने इमानेइतबारे केलं. नट बदलले की डोकी बदलायची, हॅट तीच. म्हणून तर ती अशी झाली होती.

घरी आणून घातली, तर डोक्यावर नुसती ठेवल्यासारखी बसली. माझं डोकं मोठं आहे, हे मी शाळेपासून ऐकत आलेय. टेपने मोजलं, कपाळाच्या मधून, कानांच्या जरासं वरून, मागच्या उंचवट्यावरून फिरवून: ५९ सेंटिमीटर. हॅटच्या आतल्या चिठ्ठीवर ५७ आणि शेजारी ७ १/८ छापलेलं. हा दुसरा, अमेरिकन मापाचा आकडा मला पूर्वी गूढ वाटायचा. त्यात गूढ काही नाही. डोक्याचा घेर इंचांत घ्यायचा आणि त्याला π ने (३.१४ ने) भागायचं. डोकं अगदी गोल असतं तर त्याचा व्यास किती भरला असता, ते त्यावरून कळतं. हाच आकार ब्रिटिश मापात ७ होतो, एक अष्टमांशाने कमी. आठव्या हिश्श्याची एक पायरी म्हणजे घेरात साधारण एक सेंटिमीटर. तर माझं डोकं अमेरिकन हिशेबात ७ ३/८, आणि हॅट माझ्याहून दोन पायऱ्या लहान.

पण चिठ्ठी खोटं बोलत होती. आतून टेप फिरवला तेव्हा जेमतेम ५४ भरले.

आतली चामड्याची पट्टी, जिला मी घामपट्टी म्हणते, बाहेर उलटवली आणि मागून वर्तमानपत्र निघालं. एक घडी, मग दुसरी, मग सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा, मग अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं. प्रत्येक घडी कुणाची ते मी सांगू शकत होते. सगळ्यात आतली आमच्या पहिल्या इन्स्पेक्टरची. त्याला आम्ही सगळे दादा म्हणायचो. शिडशिडीत माणूस, डोकंही बेताचं. तो बसला की हॅट भुवयांवर यायची, म्हणून विंगेत उभं राहून पेपर कोंबायचा. आमचा खुनी मात्र भरभक्कम होता. त्याने काय केलं होतं ते मला आत्ता कळलं: घामपट्टीला मागच्या बाजूला ब्लेडने चीर दिली होती आणि नंतर गुपचूप सेफ्टी पिन लावून ठेवली होती. तेव्हा कळलं असतं तर खरोखरचा खून झाला असता.

हे कागद फेकले नाहीत, एका पाकिटात ठेवले. कागद काढल्यावर माप ५५ वर आलं. म्हणजे अजून दोन सेंटिमीटर कुठेतरी गहाळ होते.

पुढे काही करण्याआधी मी दोन गोष्टी केल्या, आणि त्या सांगायलाच हव्यात. पहिली म्हणजे पाऱ्याची चौकशी. जुन्या काळी सशाच्या लवेचं फेल्ट करताना ती लव आधी मर्क्युरिक नायट्रेटने माखायचे. त्याशिवाय ती नीट गुंतायची नाही. तिला गाजरासारखा रंग यायचा, म्हणून त्या कामाला कॅरटिंग म्हणत. कारागीर वर्षानुवर्षं ती वाफ नाकात घेत आणि त्यांचे हात कापायला लागत. अमेरिकेतलं डॅनबरी हे हॅटचं गाव, तिथे या थरथरीला गावाचंच नाव पडलं होतं. हॅटच्या कामात पारा वापरण्यावर अमेरिकेत बंदी १९४१ च्या डिसेंबरात आली. त्याआधीच्या लवेच्या हॅटमध्ये पारा अजूनही असू शकतो, आणि घरातला कापडी मास्क पाऱ्याची वाफ अडवत नाही. तेव्हा हॅट तशी जुनी असेल, नक्की कशाची ते ठाऊक नसेल, तर घरी वाफ देऊ नका. काचेच्या कपाटात ठेवा आणि बघा. माझ्या हॅटच्या चिठ्ठीवर शंभर टक्के लोकर असं लिहिलेलं होतं आणि अस्तर चक्क पॉलिएस्टरचं होतं. लोकरीला पारा लागत नाही, ती मुळातच गुंतायला टपलेली असते. मी सुटले. खिडक्या तरीही उघड्या ठेवल्या.

दुसरी गोष्ट कसरीची. हॅटवर कुरतडल्याच्या चार-पाच खुणा होत्या आणि अस्तराच्या शिवणीत एक रिकामी नळी. कसरीच्या अळ्या लोकर खातात आणि त्यांना घामट, मेकअप लागलेली लोकर फार आवडते. हॅट प्लास्टिकच्या पिशवीत घातली, हवा दाबून काढली, तोंड चिकटपट्टीने बंद केलं आणि उणे १८ च्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवली. घरच्यांनी दर दिवशी फ्रीझर उघडून एकदा तरी विचारलं, ‘ही अजून आहेच का?’ बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडायची नाही. हॅट खोलीच्या उबेला आली की मगच, नाहीतर हवेतलं पाणी फेल्टवर धरतं.

आता सफाई. वाफेआधीच ती करायची, कारण डागावर वाफ गेली की तो कायमचा मुक्कामाला येतो. मऊ केसांच्या ब्रशने आधी सगळी धूळ काढली, लव ज्या दिशेला झोपलेली आहे त्याच दिशेने, म्हणजे हॅट वरून पाहिली तर घड्याळाच्या उलट. उरलेली धूळ व्हॅक्यूमच्या नळीला जुना पायमोजा ताणून बांधून ओढली. खरा त्रास कपाळापाशी होता. ग्रीसपेंटचा, म्हणजे नाटकातल्या तेलकट मेकअपचा, थर फेल्टमध्ये उतरून चिवट झाला होता. त्यावर कॉर्नफ्लोअर दाबून रात्रभर ठेवलं, सकाळी झटकलं, पुन्हा लावलं. तिसऱ्या रात्रीनंतर डाग निम्मा झाला आणि तिथेच अडून बसला. मग ४०० नंबरचा पॉलिश पेपर घेतला. हॅटवाले नवीन फेल्टसुद्धा असंच घासून गुळगुळीत करतात, त्यामुळे मला फार आत्मविश्वास होता. तो नडला. डाग गेला, सोबत लवही गेली आणि माथ्याच्या उजव्या बाजूला अंगठ्याएवढा फिका, टक्कल पडल्यासारखा गोल उरला. पॉलिश पेपर बोटांना जाणवणार नाही इतका हलका फिरवायचा असतो, हे मला टकलाने शिकवलं.

त्याचा एक फायदा झाला. घासून निघालेला तपकिरी भुसा मी बशीत जमवला होता. कसरीच्या खड्ड्यांत कापडाला चालणाऱ्या गोंदाचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब सोडला आणि वर तो भुसा दाबला. वाळल्यावर ब्रश मारला तर खड्डे शोधावे लागले. टकलावर मात्र हा उपाय चालत नाही.

मग घामपट्टी. तिला वाचवावं असं मनापासून वाटत होतं. सॅडल सोप, म्हणजे चामड्याचा साबण, लावला, चामड्याचं तेल दिलं, दोन दिवस विचारपूस केली. तिसऱ्या दिवशी वाकवून पाहिली आणि ती जुन्या वहीच्या पुठ्ठ्यासारखी तडकली. गहाळ दोन सेंटिमीटर गेले कुठे, तेही तेव्हाच उलगडलं. चामडं घाम पीत आणि वाळत वर्षानुवर्षं आक्रसत गेलं होतं आणि टाक्यांनी जोडलेल्या फेल्टलाही सोबत आत ओढत होतं. सगळे म्हणतात, हॅट आटली. आटतं ते चामडं. फेल्ट बिचारं त्याच्या मागे फरफटतं.

म्हणूनच घामपट्टी जागेवर ठेवून हॅटला वाफ देऊ नये. लोकरीला वाफ मानवते, भिजलेल्या चामड्याला ती मारते. ठरावीक उष्णतेच्या वर ओलं चामडं आक्रसायला लागतं, कुजकं असेल तर त्याआधीच, आणि किटलीची वाफ शंभर अंशांच्या आसपास. जिला वाचवायचंय ती पट्टी निदान बाहेर उलटवून वाफेपासून लांब धरावी. माझी तर गेलीच होती. बाहेरची रिबीन आधी काढली, कारण घामपट्टीचे टाके तिच्याच खाली लपलेले असतात. मग बारीक कात्रीने एकेक टाका कापला. पट्टी सुटल्यावर फेल्टचं तोंड मोजलं, ५६.५. किटलीवर फिरवून दोन्ही हातांनी हलकेच ओढलं, ५७.५. फारसं काही न करता! चामडं सुटल्याबरोबर फेल्ट जणू हुश्श करून मोकळं झालं.

लोकरीच्या धाग्यावर बारीक खवले असतात, सगळे टोकाच्या दिशेला तोंड करून. ऊब, ओल आणि चोळणं मिळालं की ते एकमेकांत अडकत जातात, आणि तेच फेल्ट. वाफेने धागा मऊ होतो आणि वाळताना जसा धरलाय तसा राहतो. ओले केस गुंडाळून झोपलं की सकाळी कुरळे होतात, तसंच. म्हणून वाफेपेक्षा वाळणं महत्त्वाचं. ताणलेलं असतानाच वाळू दिलं नाही तर सगळी मेहनत वाफेबरोबर जाते.

आता किती ताणायचं? इथे मला एक गणित सापडलं आणि मी त्याच्या प्रेमातच पडले. आतल्या बाजूने चहूकडून एक मिलिमीटर जाडीचं काहीही लावलं, तर घेर दोन गुणिले π मिलिमीटरने कमी होतो, म्हणजे ६.३ मिलिमीटर. हॅट सैल होत असेल तर नेमकं हेच हवं असतं: दीड मिलिमीटर जाडीची फेल्टची पट्टी घामपट्टीच्या मागे सगळीकडून सरकवली की पूर्ण एक पायरी कमी. तीन मिलिमीटर फोम लावलात तर जवळजवळ दोन पायऱ्या. बरेच लोक अंदाजाने जाड फोम कोंबतात आणि मग हॅट डोक्यावर तरंगते. मला उलटा हिशेब करायचा होता. नवीन पट्टीचं चामडं एक मिलिमीटर जाड, म्हणून ५९ च्या डोक्याला फेल्टचं तोंड ५९.६ हवं. वाळल्यावर फेल्ट थोडं मागे सरतं, म्हणून ताणायचं ६० च्या थोडं पुढे.

पहिला प्रयत्न मी ज्या ऐटीत केला तो सांगायला लाज वाटते. बरोबर ६० घेराचा स्टीलचा गोल डबा मिळाला. वाफ दिली, हॅट डब्यावर चढवली, दोरीने बांधली, रात्रभर ठेवली. सकाळी टेपने मोजलं, माप तंतोतंत. आनंदाने घातली, तर कपाळावर आणि मागे करकचून बसली, आणि दोन्ही कानांवर बोट जाईल एवढी फट. डोकं गोल नसतंच मुळी! मऊ तार डोक्याभोवती वाकवून अलगद काढली, कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली: लांबी साडेवीस, रुंदी सतरा. घेर ५९ च, पण अंड्यासारखा. मी घेर जुळवला होता आणि डोकं विसरले होते. हॅट विकत घेतानाही लोक आकड्यावर भांडतात, पण निम्म्या वेळा चूक आकाराची असते. लांबट डोकं गोल हॅटमध्ये कधीच सुखी होत नाही.

दुसऱ्या खेपेला प्लायवूड घेतलं. कागदावरची आकृती सगळीकडून दोन मिलिमीटर मोठी केली, एक चामड्यासाठी आणि एक फेल्ट मागे सरेल त्यासाठी. तेवढं लांबट वर्तुळ कापलं, ते आडवं दोन भागांत चिरलं आणि मधून अडीच सेंटिमीटरची फाळ काढून टाकली. उरलेल्या दोन अर्ध्या चंद्रांना भोकं पाडून आरपार दोन आट्यांच्या सळया घातल्या आणि मधल्या फटीत नट. पान्याने नट फिरवले की चंद्र एकमेकांपासून दूर सरकतात. लाकडी हॅट स्ट्रेचर बाजारात मिळतो तो साधारण याच तत्त्वाचा, फक्त देखणा. कडा घासून गुळगुळीत केल्या आणि वर जुन्या टी-शर्टचं कापड गुंडाळलं, नाहीतर फेल्टवर प्लायच्या कडेची रेघ उमटते.

वाफ, नट पाव फेरा, वाळवण. पुन्हा वाफ, पाव फेरा, वाळवण. तीन दिवस गेले. घाई केली असती तर फेल्ट कुठेतरी पातळ होऊन फाटलं असतं. दुसऱ्या दिवशी एका जागी उजेडाकडे धरल्यावर मला ते थोडं विरळ दिसलंच, म्हणून नट तिथेच थांबवून एक दिवस सुट्टी घेतली. घरगुती ताणण्यात एक पायरी निर्धोक, दोन म्हणजे नशिबाची परीक्षा. त्यापुढे जायचं असेल तर दुसरी हॅट शोधावी.

तोंड मोठं झालं आणि काठ रुसला. आतला घेर वाढला, बाहेरचा होता तेवढाच राहिला, म्हणून काठ वाटीसारखा वर वळला. यावर इस्त्री. टेबलावर टॉवेल, काठ त्यावर सपाट, वर ओलसर सुती कापड, आणि इस्त्री ठेवायची, उचलायची, पुढे ठेवायची. सरकवायची नाही. माथ्याची खळी आणि चिमटा वाफेवर हातानेच पाडले. डावा चिमटा उजव्याहून थोडा खोल झालाय. असू दे.

नवीन घामपट्टीसाठी एका जुन्या लेदर जॅकेटची बाही बळी गेली. मेंढीचं मऊ चामडं, साधारण पाच सेंटिमीटर रुंदीची पट्टी. बाहीची लांबी पुरेल की नाही याची धाकधूक होती, पुरली. टोकं एकावर एक घेतली नाहीत, मागच्या बाजूला नुसती भिडवली आणि आतून कापडाचा तुकडा लावला. सांध्यावर चामडं दुहेरी झालं की तिथेच डोकं दुखतं. फेल्टमधली जुनी भोकं ताणल्यामुळे लांब-लांब गेली होती, तरी शक्य तिथे त्यांतूनच सुई घातली. मेणाचा दोरा, उलट टाका, पूर्ण एक संध्याकाळ आणि दोन बोटांना टोचण्या.

रिबीन आता दोन सेंटिमीटर कमी पडत होती. नवीन आणायच्या विचारात होते, इतक्यात लक्षात आलं की दोन्ही टोकं मुळातच डाव्या बाजूच्या बोच्या खाली संपतात. बो जरा सैल करून वर टाचला, फट झाकली गेली. टकलावर काही करता आलं नाही. त्या बाजूला मी उभी राहत नाही, एवढंच.

मागच्या रविवारी दादा आले होते. वय झालंय, आणखी शिडशिडीत झालेत. मी हॅट पुढे केली, तर काही न बोलता आरशासमोर गेले आणि घातली. ती थेट नाकावर आली. त्यांचं डोकं ५६, म्हणजे तीन सेंटिमीटरचा फरक, म्हणजे चहूकडून पावणेपाच मिलिमीटर, हे माझं मनात चालूच होतं.

हॅटच्या आतूनच त्यांचा आवाज आला, ‘अगं, जुना पेपर आहे का घरात?’

मी कपाटातून पाकीट काढून दिलं. त्यांनी शब्दकोडं बाजूला ठेवलं, त्याच्याखालची घडी उचलली, अंगठ्याने सरळ केली आणि पट्टीच्या मागे पुढच्या बाजूने सरकवायला लागले.